उदयपूरच्या गॅरेजात अडीच तास

जुन्या गाड्यांचं कुठलंही संग्रहालय मी एकाच प्रश्नावर तोलतो: गाडी चालू होते काय? बाकी काच किती चकाचक आहे, पाटी कुठल्या भाषेत आहे, हे नंतर. उदयपूरच्या विंटेज अँड क्लासिक कार म्युझियममध्ये शिरताना हाच प्रश्न डोक्यात होता. आठवड्यात दोन माणसांनी तिथं काय आहे म्हणून विचारलं, म्हणून सगळंच लिहून ठेवतो.

आधी माझी ओळख. बेळगावात जुन्या पी.बी. रोडला माझं गॅरेज. 34 वर्षं मी स्वतः चालवलं, आता पोरगा बघतो. आजकालच्या गाडीला आधी कॉम्प्युटर लावतात, मग पाना, त्यामुळं तिथं माझं काम कमी झालंय. पण कुणाची अ‍ॅम्बेसेडर, कुणाची फियाट, कुणाची पेट्रोल जीप आली की पोरगा अजून मलाच हाक मारतो. आमचे आण्णा निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्याच्या जीपवर ड्रायव्हर होते. लष्कराच्या लिलावातून सुटलेली विलीज, डिस्पोजलची जीप म्हणायचे तिला. जीपला हँडल कसं मारायचं ते मी दहाव्या वर्षी शिकलो, ते आण्णांकडून. अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूनंच ठेवायचा, हँडलला विळखा घालायचा नाही. इंजिनानं उलटा झटका दिला तर विळखा घातलेला अंगठा मोडतो. ही गोष्ट इथं सांगायचं कारण पुढं येईल.

उदयपूरला आम्ही गेलो ते लग्नाला. आमच्या गल्लीतल्या मार्बलवाल्या शेटजींच्या मुलीचं लग्न त्यांच्या गावाकडं, उदयपूरजवळ होतं. तीस वर्षांचा शेजार, त्यात त्यांची पहिली फियाट माझ्या हातची. जायलाच हवं होतं. मैसूरहून उदयपूरला जाणारी हमसफर आठवड्यातून एकदा बेळगाववरून जाते, तीच धरली. मी, आमची मंडळी, मेहुणे आणि दहा वर्षांचा नातू. सोबत शेटजींसाठी दोन किलो कुंदा. लग्न झालं, मंडळी सरोवर बघायला निघाली आणि मी नातवाला म्हटलं, चल, आपण गाड्या बघूया. शेवटी चौघंही आलो.

खरं सांगायचं तर मनात थोडी भीती होती. आठ-नऊ वर्षांपूर्वी एका थंड हवेच्या ठिकाणी असंच एक खासगी संग्रहालय बघितलं होतं. नाव घेत नाही. तिथं चाळीसच्या दशकातल्या एका अमेरिकन गाडीला आजच्या मोटारीसारखा चकमकता मेटॅलिक रंग मारलेला. पुढचा एक दिवा बुलेटचा. खाली वाकून बघितलं तर मूळ इंजिनाच्या जागी डिझेलचं इंजिन वेल्डिंग करून बसवलेलं. एक काळ असा होता की पेट्रोल परवडत नाही म्हणून लोक मोठ्या गाड्यांत डिझेल इंजिनं टाकायचे. मी स्वतः तसं काम केलंय, पोटासाठी केलंय. पण ती गाडी तिकीट लावून दाखवताना, आत काय बदललंय हे बघणाऱ्याला सांगायला हवं होतं. त्या दिवशी मी तिथून अर्ध्या तासात बाहेर पडलो आणि संध्याकाळपर्यंत जेवलो नाही.

उदयपूरला तसं काही नाही. सिटी पॅलेसपासून लेक पॅलेस रोडनं चालत दहा मिनिटं. गुलाबबागेच्या समोर गार्डन हॉटेल आहे, त्याच्या आवारात हे संग्रहालय. आणि पहिली गोष्ट, जी मला कुणी आधी सांगितली नव्हती: ही गाड्या दाखवण्यासाठी बांधलेली इमारत नाहीच. हे मेवाड संस्थानाचं खरंखुरं मोटर गॅरेज. संस्थानाच्या गाड्या इथंच उभ्या राहायच्या, इथंच धुतल्या जायच्या, इथंच दुरुस्त व्हायच्या. 2000 साली तेच गॅरेज लोकांसाठी उघडलं. मधे अंगण आणि अंगणाभोवती अर्धवर्तुळात एकाला लागून एक खोल्या, प्रत्येक खोलीला दार, दाराआड गाडी. गाडी बाहेर काढली की तोंड सरळ अंगणाकडं, वळवायची कटकट नाही. ज्यानं हे बांधलं त्याला गाड्यांची ये-जा कळत होती. आवारात शेलचा जुना पेट्रोल पंपसुद्धा आहे. मेहुणे आधी तिथंच फोटो काढत बसले. मी मात्र जमीन बघत उभा राहिलो. गॅरेजवाल्याची नजर आधी जमिनीवर जाते. तेल कुठं सांडतं, चाकांच्या खुणा कशा आहेत, त्यावरून गाडी जिवंत आहे की मेलेली ते कळतं.

एक साठीच्या घरातला चावीवाला दारं उघडून एकेक गाडी दाखवत होता. दार उघडलं की आत दिवा लागायचा आणि आतून वास यायचा. पेट्रोल, जुनं चामडं, मेण आणि थोडं इंजिन ऑइल. तो वास आल्यावर माझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळालं. उभ्या-उभ्या मेलेल्या गाडीला पेट्रोलचा ताजा वास येत नाही, कुजक्या वार्निशसारखा येतो. तरी मी विचारलंच. माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, "चलती हैं?" तो म्हणाला, "सब चलती हैं." एका गाडीच्या इंजिनाखाली पत्र्याचा ट्रे होता, त्यात तेलाचे चार थेंब. टायरच्या नक्षीत मातीचे बारीक कण. माझी खात्री पटली.

गाड्या साधारण 20-22 आहेत. आकडा मोठा नाही. हजारानं गाड्या बघायच्या असतील त्यांनी दुसरीकडं जावं. मला ही संख्या बरोबर वाटली, कारण प्रत्येकीपुढं थांबता येतं.

सगळ्यात जास्त वेळ मी 1934च्या रोल्स-रॉइस फँटमपुढं थांबलो. ही गाडी एका बाँडपटात दिसली होती, लोक त्यासाठीच तिच्यापुढं फोटो काढतात. माझं लक्ष दुसरीकडंच. फँटम 2 या गाडीचं इंजिन 7.7 लिटरचं, सहा सिलिंडरचं, आणि प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग. म्हणजे एकूण बारा प्लग. एका ओळीला कॉइलमधून ठिणगी, दुसऱ्या ओळीला मॅग्नेटोमधून, म्हणजे बॅटरीशिवाय स्वतःच वीज तयार करणाऱ्या यंत्रातून. एक यंत्रणा रस्त्यात बंद पडली तरी दुसरीवर गाडी घरी येते. आमच्याकडं कॉइल गेली म्हणून चोर्ल्याच्या घाटात रात्र काढलेली माणसं मी बघितलीत. त्यांना ही बारा प्लगांची गोष्ट सांगितली तर डोळ्यांत पाणी येईल.

दुसरी गोष्ट त्याहून भारी. फँटम 2ला चेसिसच्या, म्हणजे खालच्या सांगाड्याच्या, सांध्यांना तेल द्यायला एकच पेडल आहे. ते दाबलं की बारीक नळ्यांतून ठिकठिकाणच्या बुशांना आपोआप तेल जातं. मी उमेदवारीत असताना माझं रोजचं काम काय होतं? अ‍ॅम्बेसेडरखाली सरपटत जाऊन एकेक निपल, म्हणजे ग्रीस भरायचं तोंड, पुसून ग्रीसगन मारायची. वरून पावसाची माती, ग्रीस कोपरापर्यंत, आणि एक जरी निपल विसरलं तरी उस्तादांना चाकाच्या आवाजावरून कळायचं. ते ओरडायचे नाहीत. परत गाडीखाली पाठवायचे. तेच काम ड्रायव्हरनं बसल्या जागी पायानं करायची सोय 1934च्या गाडीत होती, हे नातवाला समजावता समजावता माझा आवाज बसला. नातू म्हणाला, "आबा, मग सगळ्या गाड्यांत का नाही केलं?" पैशाचं कारण, दुसरं काय. रोल्स-रॉइस त्या काळी फक्त चेसिस आणि इंजिन विकायची. वरची बॉडी गिऱ्हाईक वेगळ्या कारागिराकडून आपल्या पसंतीनं बांधून घ्यायचा. आपल्याकडं ट्रकची कॅबिन आणि बॉडी बांधून घेतात, तसंच. फक्त इथं सुताराच्या जागी विलायतेतले बॉडी बांधणारे नामवंत कारखाने.

मग कॅडिलॅक. 1938ची सात सीटर कॅडिलॅक आहे, तिच्या मागच्या भागात पडद्याची सोय केलेली आहे. राण्या आत बसल्या की बाहेरच्याला दिसू नयेत म्हणून. इथं आमची मंडळी थांबली. आतापर्यंत ती माझ्या मागून नुसती चालत होती. खिडकीशी वाकून तिनं बराच वेळ आत बघितलं.

"काय बघूलाय एवढं?" मी विचारलं.

"आतून बाहेरचं दिसत असेल काय हो? का नुसतं उजेड-अंधार?"

याचं उत्तर मला देता आलं नाही. ती म्हणाली, तिची आजी बैलगाडीतून खानापूरला माहेरी जायची तेव्हा गाडीला पुढून-मागून लुगडं बांधायची पद्धत होती. आजी त्या लुगड्याला सुईनं एक भोक पाडून ठेवायची, त्यातनं नदी बघायची. चाळीस वर्षांच्या संसारात ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली. एवढ्या महागड्या गाडीपुढं उभं राहून तिला लुगड्याचं भोक आठवलं, यातच या गाडीचं सगळं आलं असं मला वाटतं. त्या दारापुढं आम्ही दहा मिनिटं होतो, चावीवाल्यानं घाई केली नाही.

कॅडिलॅकविषयी यांत्रिक बाजूनं दोन गोष्टी सांगतो, कारण आपल्या गाड्यांशी त्यांचं नातं आहे. 1938च्या कॅडिलॅकमध्ये कंपनीनं गिअरचा दांडा जमिनीवरून उचलून स्टिअरिंगखाली आणला. आपण अ‍ॅम्बेसेडरला आणि फियाटला 'हँडगिअर' म्हणत होतो, तो हाच प्रकार. पुढं तीन माणसं बसायची ती त्याच्यामुळं. निपाणी, संकेश्वर, चिकोडीच्या रस्त्यांवर वडापाच्या, म्हणजे माणशी भाडं घेऊन चालणाऱ्या, गाड्यांत पुढच्या सीटवर चार-चार माणसं बसलेली मी बघितलीत, तेव्हा ड्रायव्हर उजव्या दारातून निम्मा बाहेर असायचा. त्या दांड्याची मूळ कहाणी अमेरिकेतल्या या श्रीमंत गाडीपर्यंत जाते. दुसरी गोष्ट इंजिनाची. त्या काळच्या कॅडिलॅकचं व्ही-एट इंजिन साइड व्हॉल्वचं, म्हणजे व्हॉल्व डोक्यावर नसून सिलिंडरच्या बगलेला. आण्णांच्या विलीजचंही तसंच, फक्त चार सिलिंडरचं, 2.2 लिटरचं. एकीकडं राजाची लिमोझिन, दुसरीकडं तंबाखूच्या वखारीतली जीप, पण व्हॉल्व लॅपिंग करायची, म्हणजे व्हॉल्व घासून नीट बसवायची, रीत एकच. आणि हेच कॅडिलॅकचं इंजिन, एका रणगाड्यात दोन-दोन, अमेरिकन सैन्यानं दुसऱ्या महायुद्धात हलक्या रणगाड्यांना बसवलं होतं.

अंगठ्याचं कारण इथं येतं. इंजिन सेल्फनं चालू करायची सोय, म्हणजे विजेचा स्टार्टर, पहिल्यांदा कंपनीतूनच बसवून दिला तो कॅडिलॅकनं, 1912च्या मॉडेलला. तोवर जगात सगळीकडं हँडल. हातं मोडायची, अंगठे तुटायचे. मी नातवाला तिथंच अंगणात रिकाम्या हातानं हँडल कसं धरायचं ते दाखवलं. चावीवाला लांबून बघत होता. जवळ आला आणि त्यानं आपला उजवा अंगठा पुढं केला. सांध्यात वाकडा. "ट्रैक्टर," एवढंच म्हणाला. त्यानंतर आमची गाडी रुळावर आली. पुढच्या प्रत्येक दारापाशी तो मला आधी बोलावायचा.

उघड्या टपाची कॅडिलॅकही आहे. 1961 साली इंग्लंडची राणी एलिझाबेथ उदयपूरला आली होती, तिला विमानतळावर या गाडीतून सोडलं होतं. मेहुण्यांना ही सगळ्यात आवडली. मला तिचा पत्रा आवडला. मडगार्डच्या मोठ्या गोलाईवरून हात फिरवायची मुभा नाही, ते बरोबरच आहे, पण दिवा तिरपा पडला होता त्यात एकही लाट दिसली नाही. पत्रा जुना असून पुट्टीनं भरलेला नाही, हे ओळखायची ही सोपी खूण: बाजूनं उजेड टाका आणि प्रतिबिंब कुठं मोडतं ते बघा.

1946ची एमजी टीसी छोटी, लाल-पिवळ्या खेळण्यासारखी नाजूक जातीची गाडी. चाकं तारांची, 19 इंची. इंजिन फक्त 1250 सीसीचं, त्याला एसयू कंपनीचे दोन कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारी यंत्रं. आपल्या पेट्रोल अ‍ॅम्बेसेडरला याच एसयूचा एक असायचा. दोन कार्बोरेटर जुळवायचे म्हणजे कान लागतात. रबरी नळी एका तोंडाशी धरायची, दुसरं टोक कानाशी, हवेचा सुसकारा ऐकायचा, मग दुसऱ्या कार्बोरेटरशी धरायची, दोन्ही सुसकारे एकसारखे होईपर्यंत स्क्रू पाव-पाव फिरवायचा. माझ्या उस्तादांना हे डोळे मिटून यायचं. टीसीच्या बॉडीचा सांगाडा लाकडी असतो आणि त्यावर पत्रा ठोकलेला. उदयपूरच्या कोरड्या हवेत लाकूड आकसतं, रबर तडकतं. आमच्या बेळगाव-खानापूरच्या पावसात उलटं, पत्रा खालून कुजतो, लाकूड फुगतं. दोन्हीकडं जपायची रीत वेगळी, आणि हे जपणाऱ्याला रोज कळावं लागतं.

बाकी व्हॉक्सहॉल, ओपेल, मर्सिडीज या गाड्याही आहेत. जुनी शेव्हर्ले बस आहे, नातवाला तीच सगळ्यात आवडली, कारण तिच्या बाकांवर पोरं बसून जायची हे त्याला लगेच दिसलं. सगळ्यांवर लिहीत बसत नाही.

एक शंका लोक नेहमी विचारतात, म्हणून सांगतो. विंटेज आणि क्लासिक यात फरक काय? विलायतेतल्या जुन्या हिशेबानं 1919 ते 1930 मधली गाडी विंटेज, त्याआधीच्यांना वेगळी नावं, नंतरच्यांना वेगळी. त्या हिशेबानं 1934ची फँटम विंटेजनंतरची ठरेल. पण आपल्या देशात 2021 पासून नियम साधा आहे: पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झाली आणि गाडीत मोठे फेरफार झालेले नसले तर ती विंटेज. तिला नंबरात 'व्हीए' ही अक्षरं असलेली वेगळी मालिका मिळते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. अशी गाडी धंद्याला वापरता येत नाही आणि रोजच्या रोज रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल यासाठी चालते. हे मी सगळ्या गिऱ्हाइकांना सांगत असतो, कारण आमच्याकडं जुनी गाडी म्हणजे भंगारवाल्याचा फोन नंबर एवढंच डोक्यात येतं.

आता जाणाऱ्यांसाठी. सकाळी उघडल्या उघडल्या जा. अंगणात ऊन चढलं की दारांतून आत बघताना डोळे दिपतात आणि काळ्या गाड्यांचा रंग नीट दिसत नाही. घाईत बघणाऱ्याला अर्धा-पाऊण तास पुरे. गाडीचं वेड असेल तर दोन-अडीच तास धरा. लहान पोरांना जरूर न्या, पण आधी घरी एखादी गोष्ट सांगून न्या, म्हणजे ती शोधत हिंडतात. आमच्या नातवाला मी "स्टिअरिंगखाली गिअर असलेल्या गाड्या मोज" असं काम दिलं होतं. दारं उघडून दाखवणाऱ्या माणसाशी बोला. नुसतं "ये कौनसी है" विचारू नका, "इसमें क्या खराब होता है" विचारा. मग बघा माणूस कसा खुलतो. हॉटेलात दुपारची शाकाहारी थाळी मिळते आणि संग्रहालयाच्या तिकिटासोबत जेवणाचं एकत्र तिकीटही मिळतं. आम्ही तसंच घेतलं. जेवण गोडसर अंगाचं, वाढणारे आग्रहानं वाढतात. मेहुण्यांनी आपल्याकडची लसणाची चटणी डब्यातून आणली होती, ती हळूच काढली.

थाळीवर बसल्या बसल्या माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. मेवाड म्हटलं की मीराबाई. आणि मला आमच्या शेजारच्या इचलकरंजीची 'मीरा' आठवली. शंकरराव कुलकर्णी नावाच्या माणसानं स्वतःच्या डोक्यानं छोटी, स्वस्त, देशी मोटार बनवली होती, तिचं नाव मीरा. कारखान्यातून ती कधी विक्रीला आली नाही. बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली सायकलचं दुकान टाकलं, त्यातूनच पुढं लोखंडी नांगर आणि एवढा मोठा उद्योग उभा राहिला. आजही उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांतून किती तरी वाहनांचे सुटे भाग ओतून बाहेर पडतात. म्हणजे लोखंड ओळखणारी माणसं आमच्याकडं पिढ्यानपिढ्या आहेत. पण आमच्या भागातल्या रस्त्यांवरून ज्या गाड्या गेल्या, त्यातली एक तरी जपलेली, चालती, दार उघडून पोरांना दाखवता येईल अशी कुठं आहे? 'डुक्कर फियाट' आता लग्नात सजवायला भाड्यानं आणतात, ती पण पुण्या-मुंबईकडून. माझ्याच गॅरेजमधून किती तरी गाड्या कापायला गेल्या. मालक म्हणायचे, "काय ठेवून करूलाय, जागा अडते." मी अडवलं नाही. त्याचं मला आता वाईट वाटतं.

उदयपूरला मला जे पटलं ते हेच. राजाच्या गाड्या आहेत म्हणून नाही पटलं. ज्या खोलीत गाडी पूर्वी उभी होती त्याच खोलीत अजून उभी आहे, आणि कुणीतरी तिला पंधरा दिवसांनी हलवतं, चाक एकाच जागी दबू देत नाही, बॅटरी बघतं, टाकीतलं पेट्रोल शिळं होऊ देत नाही. मी निघताना चावीवाल्याला विचारलं, आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं काय करता? त्यानं माझ्याकडं बघितलं आणि हसला, जणू दिवसभर या प्रश्नाची वाट बघत होता. मग आम्ही दोघं पंपाजवळ उभं राहून वीस मिनिटं बोललो. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, जुन्या रबरी नळ्या आणि डायफ्राम फुगवतं, टाकीतला गंज सोडवून कार्बोरेटरच्या जेटमध्ये आणतं. जुनी गाडी बाळगणाऱ्यानं पेट्रोलच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घालाव्यात, गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामं करावं. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तरी एकमेकांना सांगत होतो.

परतीच्या गाडीत मिरज यायच्या आत मी निपाणीला फोन लावला. आण्णा ज्यांच्याकडं होते त्या व्यापाऱ्यांचा नातू आता धंदा बघतो. विचारलं, ती जीप कधी विकली? तो म्हणाला, विकली कुठं मामा, वखारीत मागच्या बाजूला हाय, वर पोती टाकल्यात.

पुढच्या रविवारी मी, पोरगा आणि नातू निपाणीला गेलो. पोती काढली. टायर चारही बसलेले, हूड उंदरांनी खाल्लेलं, डायनामो कुणीतरी काढून नेलेला. पण ब्लॉकला तडा नाही, नंबर शाबूत, बॉनेटखाली इंजिन मूळचंच. हँडल सीटखाली होतं, आण्णा ठेवायचे तिथंच. लावून बघितलं, इंजिन जाम. प्लग काढून चारही भोकांत पातळ तेल सोडलं, पोरगा म्हणाला दोन आठवडे मुरू दे. व्यापाऱ्यांच्या नातवाला सांगितलं, घरातले जुने कागद हुडका, नोंदणीचं पुस्तक मिळालं तर बघा. त्यानं ट्रंका उघडायला माणूस लावलाय. येत्या रविवारी आम्ही परत जातोय, नातवानं हँडल आपण मारणार म्हणून सांगून ठेवलंय. अंगठा कुठं ठेवायचा ते त्याला पाठ आहे.